शकुंतलाबाईंचा रिपोर्ट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीट कळत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. राहुरी तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. सगळ्या तपासण्या एकटीच करायचे. कुणाला रक्त चढवायचं असलं की बाटली पेशंटशी जुळते का, तेही मीच बघायचे. त्यातली पहिली पायरी सोपी — दोन्ही रक्तं एकत्र करायची, गुठळ्या होतात का बघायचं. दुसरी किचकट. नळी कोमट पाण्यात ठेवायची, मग पेशी तीनदा धुवायच्या, मग त्यावर कूम्ब्स सीरमचे थेंब — पेशींना प्रतिद्रव्यं चिकटलेली असली, तर त्याने गुठळ्या होतात. तासभर जातो.

आणि मी — कसं सांगू — सहा-सात महिने ती दुसरी पायरी करतच नव्हते. वीज जायची, डॉक्टर घाई करायचे, हे खरं. पण वीज असली तरी मी करत नव्हते. कधी काही बिघडलं नव्हतं ना?

शकुंतलाबाई देवळाली प्रवराच्या. अंगणवाडी चालवायच्या. चार बाळंतपणं झालेली, आता गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. मी फक्त पहिली पायरी केली आणि रजिस्टरात लिहिलं — 'जुळते'. बाटली चढली. त्या हसत घरी गेल्या.

आठव्या दिवशी त्यांचे यजमान, बबनराव, त्यांना टेम्पोत घालून घेऊन आले. डोळे पिवळेजर्द. लघवी कोऱ्या चहासारखी. हिमोग्लोबिन पाचावर आलेलं. डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, हे आपण दिलेल्या रक्तामुळे तर नाही ना? कूम्ब्स करून बघा."

मी केली. या वेळी अगदी पुस्तकात आहे तशी. नळी हलवली आणि तळाशी गुठळ्या दिसल्या. काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर तांबड्या पेशी लहान, गच्च गोल — मधला फिकट भाग गायब.

म्हणजे काय, ते मला माहीत होतं. बाळंतपणात बाळाचं रक्त मिसळून बाईच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात. ती मी दिलेल्या पेशींना जाऊन चिकटली होती. चिकटलेल्या प्रतिद्रव्याचं शेपूट बाहेर राहतं, आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींच्या अंगावर नेमकं तेच शेपूट पकडणारे ग्राही असतात — आकडे म्हणा हवं तर. पेशी जवळून गेली की अडकते. मग ती गिळली जाते, नाहीतर तिचा लचका तुटतो, आणि उरलेली आक्रसून गोल होते. त्या लचके तुटलेल्या पेशी मी बघत होते. पलीकडच्या खोलीत ती बाई निजली होती, आणि हे तिच्या अंगात त्या क्षणी चालू होतं.

मला भीती वाटली. नोकरी जाईल. पोलीस येतील. मी नळी बेसिनमध्ये ओतली, काच पुसली आणि रिपोर्टवर लिहिलं — 'निगेटिव्ह'.

डॉक्टरांनी विश्वास ठेवला. साथीची कावीळ, असं ठरलं. शकुंतलाबाईंचं ताट-तांब्या वेगळा झाला. धाकटी मुलगी दारात उभी राहून रडायची, तिला आत येऊ देत नव्हते. पुन्हा रक्त द्यायचं ठरलं तेव्हा मी गुपचूप चार बाटल्या तपासल्या, पूर्ण. चौथी जुळली. दोन दिवस मी कुठलं ना कुठलं निमित्त काढून त्यांच्या लघवीचा रंग बघत होते. त्या वाचल्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, तुमी लई जपलं मला."

त्या वेळी तरी बोलायचं ना? त्यांच्या कार्डावर एक ओळ लिहायची — हिच्या रक्तात अमुक प्रतिद्रव्य आहे, सांभाळून रक्त द्या. पण ती ओळ लिहिली असती तर माझा आधीचा रिपोर्ट खोटा ठरला असता. मी नाही लिहिली.

तीन वर्षांनी, लग्न होऊन मी नेवाशाकडे आले होते, तेव्हा घोडेगावच्या बाजारात बबनराव भेटले. डोक्याचं मुंडण केलेलं होतं.

"शकुंतला गेली, ताई," ते म्हणाले. "नगरला पोटाचं आप्रेशन झालं. रगत दिलं, आन् आठ दिसांनी पुन्ना तीच कावीळ. लघवीच बंद पडली."

नगरच्या लोकांनी तपासणी केलीच असणार, आणि ती स्वच्छ आली असणार. काही प्रतिद्रव्यं दोन-तीन वर्षांत इतकी विरतात की नळीत दिसत नाहीत. शरीर मात्र विसरत नाही. तेच रक्त पुन्हा आलं की ती भराभर वाढतात. अशा वेळी जुन्या कार्डावरची नोंदच वाचवते.

"त्या येळी तुमी लई धावपळ केली हुती," बबनराव म्हणाले. "आमी इसरलो न्हाई."

मी म्हटलं, "मुलांकडे लक्ष द्या." एवढंच. आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.

शकुंतलाबाईंना साथीची कावीळ कधीच झाली नव्हती. हे फक्त मला माहीत होतं — त्या जिवंत असताना, पूर्ण तीन वर्षं.