चक्रवाकांची पाठवणी

पाखरांना वाटेसाठी शिदोरी बांधून नेणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. सासऱ्यांचं, म्हणजे आण्णांचं, उभं आयुष्य नंदुरबारच्या मिरची-पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालायच्या मैदानावर, गेलं. आता धंदा मेहुण्याने घेतला आणि आण्णांनी तलावाकाठच्या निसर्ग उद्यानाची वाट धरली. थंडीत तिथे उतरणारी केशरी चक्रवाक बदकं त्यांच्या मते माहेरवाशिणी. हिमालयापलीकडे त्यांचं सासर. होळी झाली की पाखरं परतायला लागतात, तेव्हा आण्णा गळ्यात दुर्बीण आणि हातात सासूबाईंनी केलेल्या दशम्यांचा डबा घेऊन पहाटेच हजर. बाकीचे पक्षीवेडे कुजबुजतात. आण्णांचा आवाज लिलावात कमावलेला. त्यांनी "गुपचूप बठा रे!" म्हटलं की पलीकडच्या काठावरचे बगळेसुद्धा उठतात. रखवालदाराने एकदा हटकलं, "आण्णा, आठे पाखरेसले खावाले देवानी बंदी शे." आण्णा उसळले, "खावाले कोठे दी ऱ्हायनू? वाटनी शिदोरी शे ती!" शेवटी ती शिदोरी दोघांनी मिळून खाल्ली, आणि तेव्हापासून रखवालदारही होळीची वाट पाहतो.

हे कौतुक माझ्या बायकोला मात्र झोंबायचं. आमच्या लग्नात पाठवणीच्या वेळी आण्णा मांडवातून नाहीसे झाले होते. पथारीवरच्या मिरच्या उलथायच्या राहिल्या होत्या म्हणे! "पाखरांसाठी पहाटे उठतात, पोटच्या पोरीला निरोप द्यायला सवड नव्हती," हे ती माहेराहून निघताना बॅग भरता भरता दरवेळी म्हणे, आणि मी दरवेळी बॅगेची चेन लावत बसे.

यंदा ती हट्टाने आमच्याबरोबर तलावावर आली. ऊन पाण्यावर आलं आणि चक्रवाकांचा थवा ओरडत उठला. सगळ्यांच्या दुर्बिणी वर गेल्या. आण्णा तेवढे तलावाकडे पाठ करून डब्याचं झाकण घट्ट करत बसले होते. मुळात ते घट्टच होतं.

"आण्णा, दखा ना! निंघन्यात त्या!" बायको ओरडली.

"तूच दख, माय. जाणारनी पाठ माले दखावत नई," आण्णा झाकणाकडे बघतच म्हणाले.

दुपारी आम्ही निघालो. बायकोने काही न बोलता बॅग भरली. रिक्षा दारात आली, सगळे ओट्यावर जमले, आण्णा नव्हते. मागच्या अंगणातून घमेलं घासल्याचा आवाज येत होता. आण्णांनी जन्मात कधी घमेलं घासलं असेल तर मी मिशी उतरवीन. बायको रिक्षात बसेना. दारातूनच तिने मोठ्याने हाक मारून निरोप घेतला, "आण्णा, येस मी!"

घासणं थांबलं. मग "हां" आलं, आणि लिलावातला तो आवाज दारापर्यंत जेमतेम पोचला.