कडावकडे न वळलेली गाडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही वैशालीला ओळखत नाही, म्हणून असेल.

वैशाली माझी मैत्रीण. चित्रकला शिक्षकाचा कोर्स आम्ही एकाच बाकावर बसून केला. मी कर्जतला शाळेत लागले. ती लग्न होऊन कडावला गेली — भातशेती, म्हशी, डेअरीचं दूध. चित्रं सुटली असतील तिची, असं मी धरूनच चालले होते. धरून चालले होते, की तसं व्हावं असं वाटत होतं?

एकदा तिच्याकडे गेले, तर तिने अंगणात एक भलंमोठं गोणपाट पसरलं. भाताच्या जुन्या गोण्या उसवून जोडलेल्या, आणि त्यावर सुतळीने शिवलेली शेतं — बांध, ओढा, आणि मधेच बिल्डरने पाडलेले प्लॉट, लाल धाग्यात. मी वर्षानुवर्षं कोळशाने नेरळच्या अर्धवट इमारती काढत होते, आणि मला जे म्हणायचं होतं ते तिने म्हणून टाकलं होतं. मी काय बोलले? “छान आहे गं. पण जरा भरतकाम वाटतं.”

ती हसली. एक छोटा तुकडा मला भेट दिला. तो मी भिंतीवर लावला — हो, लावला. वाईट माणूस दिसायचं नव्हतं ना मला.

मग एक बाई आमच्या भागात आल्या. दक्षिणेकडच्या एका बंदराच्या शहरात दर दोन वर्षांनी मोठं कलाप्रदर्शन भरतं — जुन्या गोदामांत, बंगल्यांत, शहरभर, देशोदेशीचे कलावंत. त्यासाठी निवड करायला त्या फिरत होत्या आणि माझी चित्रं बघायला माझ्या घरी येणार होत्या. वैशालीला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. पाहुणीसाठी म्हणून तिने सकाळीच वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या.

बाईंनी माझी चित्रं पाहिली. नीट पाहिली, चांगलं बोलल्या. मग त्या भिंतीवरच्या तुकड्यापुढे उभ्या राहिल्या. किती वेळ! माझ्या एकाही चित्रापुढे त्या तेवढ्या थांबल्या नव्हत्या.

“हे कुणाचं? इथे जवळच राहतात का? जाऊ या?”

कडाव कितीसं लांब? गाडी दारात उभी होती. आणि मी म्हणाले — अगदी सहज म्हणाले — “तिने काम सोडलंय. कुणी भेटायला गेलेलं तिला आवडत नाही.”

बाई “अरेरे” म्हणाल्या. बिरडं आवडीने जेवल्या. गाडी कडावकडे न वळता खोपोलीच्या दिशेने निघून गेली.

माझी निवड झाली. चित्रं लावायला मदत म्हणून वैशाली माझ्याबरोबर आली, म्हशी जावेवर सोपवून. शिडीवर तीच चढायची. एका गोदामात कुठल्याशा परदेशी बाईने मासेमारीच्या जाळ्यांतून केलेलं काम होतं, त्यापुढे ती खूप वेळ उभी राहिली, डोळे पुसले. निवड करणाऱ्या बाई तिथे आल्या, हसून विचारलं, “या कोण?” मी म्हणाले, “गावाकडची मैत्रीण. मदतीला आलीय.” नाव सांगितलं नाही. तिनेही हात जोडले फक्त.

परत आल्यावर काही महिन्यांनी मी कडावला गेले. ती गोठ्यात होती. गोणपाटाचा विषय मीच काढला. का काढला असेल?

“त्या बाई तुझ्या घरी आल्या व्हत्या ना गं,” ती शेण ओढता ओढता म्हणाली, “तो तुकडा भिंतीवरच व्हता. त्यांनी बघितला असंल. कायच नाय विचारलं. म्हंजे तसलं काय नायच त्यात. तू बोलली व्हतीस तसं, भरतकामच ते. आता नाय करत मी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. “बाईंनी विचारलं होतं” — एवढ्या एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं मला. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

मी म्हणाले, “असं काही नाही गं.”

आणि खरं सांगायचं तर — ती आता करत नाही, हे ऐकून मला हलकं वाटलं.