पाण्याला वाट

सिस्टरना सगळे सिस्टरच म्हणतात. त्यांचा सख्खा धाकटा भाऊसुद्धा. उभा जन्म त्यांनी सरकारी दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डात काढला. माझे वडील तिथे पाय टांगून पडले होते, तेव्हा आमची ओळख झाली. भेटीची वेळ संपली तरी मी हलेना, म्हणून त्यांनी मला खांद्याला धरून बाहेर काढलं आणि बाहेर काढल्यावर चहा पाजला. साहित्यात पदवी घेतलीय म्हटल्यावर माझं नावच साहित्य ठेवलं.

"ए साहित्य, ती पिशवी धर."

तेव्हापासून मी पिशवी धरते आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी गावाबाहेर जागा घेतली. दोन खोल्या बांधल्या. एक स्वतःची, एक मेट्रनबाईंची. मेट्रनबाई त्यांच्या वॉर्डाच्या मुख्य, पुढे जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी नोकरीत असतानाच ठरवलं होतं, म्हातारपण एकत्र काढायचं. मेट्रनबाईंच्या खोलीत कॉट लागली. खिडकीला पडदा आला. बाथरूममध्ये धरायला दांडी बसली. नळही बसला, चकचकीत. त्यात पाणी तेवढं नव्हतं.

बोअर मारली, तर धूळ निघाली. नळयोजनेची लाइन पुढच्या रस्त्याने जाते. रस्ता आणि सिस्टरचं घर यांच्यामध्ये पोल्ट्रीवाल्या काकांची जागा आहे. त्यांची शेड आणि कुंपण यांच्यामधल्या बोळातून पाइप आणायचा, एवढंच काम. बोळ हातभर रुंद. काका एका पायावर तयार होते.

"पाइप आणा नाहीतर मगर आणा, सिस्टर. माझ्या कोंबड्या दचकल्या नाहीत म्हणजे झालं."

पण दुसऱ्याच्या राहत्या जागेतून कायमची लाइन न्यायची तर नियोजन कार्यालयाची मंजुरी लागते. काका म्हणाले, "गुपचूप टाकू. जमिनीखालचं कोण बघतंय?"

"मी बघतेय," सिस्टर म्हणाल्या. जन्मभर दुसऱ्यांना नियम शिकवलेली बाई. तिला पळवाट कशी पटणार?

आणि घाई तर होती. मेट्रनबाई मुलाच्या घरी हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होत्या. मुलाची लांब बदली झाली होती. आई, आमच्याबरोबर चल, नाहीतर तुझं काय ते ठरव, असं तो म्हणत होता. मुलगा वाईट नव्हता. त्याची खोकी बांधून होत आली होती, इतकंच. मेट्रनबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना ओझं उचलायची बंदी. सिस्टरचं पालुपद ठरलेलं होतं.

"नळाला पाणी आलं की तिला आणते. त्याआधी नाही. तिला काय माझ्या घरी बादल्या उचलायला आणू?"

काकांनी संमतिपत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. 'माझ्या जागेतून सिस्टरांच्या पाण्याला मी राजीखुशीने वाट दिली आहे.' मला ते वाक्य फार आवडलं.

तिथेच वाट लागली.

कार्यालयात खिडकीपलीकडे मफलर गुंडाळलेला कारकून होता. त्याच्या जेवणाचा डबा कोणाच्या तरी फायलीवर ठेवलेला होता. त्याने विचारलं, "सगळं साहित्य आणलंय का?"

सिस्टरनी माझ्याकडे बोट केलं. "हे काय, बरोबरच आहे."

तो हसला नाही. पत्र वाचलं आणि कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घातलं.

"रस्ता मागताय तुम्ही."

"पाइप मागतेय."

"इथे वाट लिहिलंय. वाट म्हणजे रस्ता."

"पाण्याला वाट, दादा. पाण्याला! पाणी काय चपला घालून चालत येणार आहे?"

"ते मला माहीत नाही. राहत्या जागेतला रस्ता म्हटला की गाडी वळली पाहिजे. आगीचा बंब आत गेला पाहिजे."

"बंब पाठवाच. त्यात पाणी तरी असतं."

मी मध्ये पडले. म्हटलं, "ही बोलायची पद्धत आहे. पाण्याला वाट देणं म्हणजे..."

"मॅडम, इथे पद्धत नसते. प्रकार असतो. तुमचा प्रकार रस्ता पडलाय. आता तो निघत नाही."

"कोणी पाडला?" सिस्टरनी विचारलं.

"पडला," तो म्हणाला. पाऊस पडावा तसा.

मग वकील गाठला. त्याने दुसरं पत्र करून दिलं. त्यात वाट काढून वहिवाटीचा हक्क घातला. म्हणजे जमीन दुसऱ्याची, ठरावीक वापर आपला. भारदस्त शब्द. आता अडणार नाही, असं वकील म्हणाला. कारकुनाने बोट ठेवून पत्र वाचलं. बोट मध्येच थांबलं.

"यातही वाट आहेच की."

मी भाषा शिकले आहे. मला उत्तर सुचलं नाही.

सिस्टरना सुचलं. त्या म्हणाल्या, "वाटाणाही घालून देऊ का पत्रात? त्यातही आहे."

त्या दिवशी फाइल खाली गेली. खाली म्हणजे कुठे ते कोणी सांगेना.

नंतर कळलं की कार्यालयाची माणसं जागा बघायला येणार आहेत. सिस्टर खूश झाल्या. कागद आंधळा असतो, माणसाला डोळे असतात, असं त्यांचं म्हणणं. दोघेजण टेप आणि फक्कीची पाटी घेऊन आले. जमिनीवर फक्कीची एक पांढरी रेघ कुंपणाकडून गेली. दुसरी पोल्ट्रीच्या शेडमध्ये शिरली आणि पलीकडून बाहेर आली. कोंबड्या रेघेवर जाऊन चोची मारायला लागल्या.

काका धावत आले. "अहो, हे काय चाललंय? माझ्या कोंबड्या सिग्नलला उभ्या करताय का?"

"आम्हाला रस्ता आखायला सांगितलंय."

"पाइप आहे तो! हातभर बोळ दिसतोय ना डोळ्यांना?"

"दिसतोय की," टेपवाला समजुतीने म्हणाला. "तसा शेराच मारतो. अडथळा आढळला."

अडथळा म्हणजे पोल्ट्री. काका लालबुंद झाले. ते सिस्टरकडे वळले.

"तुम्हाला वाट दिली आणि माझीच वाट लावलीत, सिस्टर."

त्यांनी बोलणं सोडलं. तोवर सिस्टर त्यांच्याच नळावरून पाणी आणत. तेही तोंडदेखलं 'आणते हं' म्हणून. आता त्या थेट रस्त्यावरच्या सार्वजनिक नळावर कॅन घेऊन जाऊ लागल्या. मी जाईन तेव्हा एक कॅन मी धरायचे. वाटेत त्या कोणाला तरी बोलत असायच्या. कारकुनाला, वकिलाला, टेपवाल्याला. समोर कोणी नसायचं.

मग एक दिवस फोन आला. मंजूर झालं. सिस्टरनी मेट्रनबाईंना कळवलं, "सामान भर." मला बोलावून घेतलं. आम्ही रिक्षाने गेलो. त्यांनी चष्मा पुसून कागद वाचला. परत वाचला. मग माझ्याकडे दिला.

रस्ता मंजूर झाला होता. अडथळा काढण्याच्या अटीवर.

"आणि पाइप?" सिस्टरनी विचारलं.

"आता सोपंय," कारकून म्हणाला. खरोखर आनंदाने म्हणाला. "रस्ता झाला ना. आता रस्ता खोदून पाइप टाकायची परवानगी मागा. ते खातं वरच्या मजल्यावर."

"रस्ता कुठे आहे?"

"मंजूर आहे."

"पण आहे कुठे?"

"मॅडम, मंजूर आहे."

सिस्टर खिडकीत वाकल्या. वॉर्डातला तो आवाज मी ओळखला.

"जीभ दाखवा."

कारकुनाने जीभ बाहेर काढली. खरंच काढली. मागच्या रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली.

"पोट साफ नाही तुमचं," सिस्टर म्हणाल्या, आणि निघाल्या.

वरच्या मजल्याच्या दाराला कुलूप होतं. सिस्टर जिन्यात बसल्या. त्यांना असं कुठेही बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फोन काढून मला दिला. "तिला लाव. सांग, मुलाबरोबर जा म्हणावं."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं, आणि लावून हातात दिला.

मेट्रनबाईंचा आवाज जिनाभर ऐकू येत होता. "आलं का पाणी?"

"रस्ता आला."

"कसला गं रस्ता?"

सिस्टरनी सांगितलं. सांगताना वाट हा शब्द इतक्यांदा आला की त्यांनाच हसू फुटलं आणि मग फुटलेलं तसंच राहिलं. त्या म्हणाल्या, "तू जा. तुझ्या खुब्याची वाट लावायला मी तुला आणणार नाही."

"मी तुझ्याकडे यायचं ठरवलं होतं, का नळाकडे?"

"पण..."

"मूर्ख आहेस. ठेव फोन."

दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात आला. त्यातून आधी काठी उतरली, मग मेट्रनबाई, मग हिरमुसलेला मुलगा. "आई, अगं इथे पाणी नाही," तो सारखा सांगत होता. सिस्टर कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. आत ये म्हणत नव्हत्या, जा म्हणत नव्हत्या.

कुंपणापलीकडे काका उभे होते. शेडमागे गेले आणि थोड्या वेळाने कुंपणावरून हिरव्या नळीचं वेटोळं धप्पकन अलीकडे पडलं. नळीच्या तोंडातून पाणी वाहत होतं.

"जमिनीखालून न्यायला मंजुरी लागते," काका मला उद्देशून म्हणाले. "ही वरून आहे."

"हे नियमात बसत नाही," सिस्टर म्हणाल्या. "उद्या कोणी तक्रार केली तर ह्यांच्यावर..."

"सिस्टर," मेट्रनबाई म्हणाल्या. हळूच, पण वॉर्डात म्हणत असतील तशा. "बादली."

सिस्टर आत गेल्या आणि बादली घेऊन आल्या. आल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. त्या भयंकर चिडल्या.

"हे तात्पुरतं आहे. ऐकतेस ना? परवा मी परत वरच्या मजल्यावर जाणारे. लेखी घेतल्याशिवाय सोडणार नाही त्यांना. साहित्य, तूही येणारेस."

"जा की," मेट्रनबाई पायरीवर टेकत म्हणाल्या. "आधी नळी नीट धर. सगळं बाहेर सांडतंय."