आमच्या वस्तीतली पहिली दवंडी

माझा बा गावात दवंडी द्यायचा. निजामाचं राज्य होतं. गावाला बलदिया होती, म्हणजे आताची नगरपालिका, आणि तिचा सगळा कारभार उर्दूत चाले. चौकातल्या भिंतीवर कागद डकवला जाई. तो वाचू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांसाठी माझा बा. मुन्शी त्याला कागद वाचून दाखवी, बा तो डोक्यात घेई आणि डफ वाजवत गल्लोगल्ली मराठीत सांगत फिरे. एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. मला त्याचा भारी अभिमान होता.

दवंडी झाली की त्या मोहल्ल्यातल्या एखाद्या वजनदार माणसाची वहीत सही घ्यायची, असा बलदियेचा नियम होता. सही झाली म्हणजे मोहल्ल्याला खबर पोचली. बानं वही ओट्यावर ठेवायची आणि चार पावलं मागं सरायचं. मालक सही करून वही परत ओट्यावर ठेवी. मग बानं ती उचलायची. आम्ही वेशीबाहेरचे, आमच्या हातात वही कोण देणार?

एका उन्हाळ्यात नळाची दवंडी आली. ज्या मोहल्ल्याला नळ पाहिजे, त्यानं आपल्यापुरता चर स्वतः खणून अर्ज करावा; पाइप आणि तोटी बलदिया देईल. बदनापूरच्या स्टेशनावर पाइप उतरले, बैलगाड्यांतून गावात आले. बा तीन दिवस घसा फोडत फिरला.

वस्तीत मात्र त्यानं डफ वाजवला नाही. दवंडीच्या फेरीत आमची वस्ती कधी नव्हतीच, त्याच्या बापाच्या वेळेपासून. आणि आपल्याच माणसांसमोर डफ काय बडवायचा? लोक हसले असते. संध्याकाळी घरी येऊन त्यानं तोंडी सांगितलं, झालं.

"नळ आपल्यालाबी भेटतो," तो म्हणाला. "चर तेवढा खणायचा."

"मंग खणा की," माय म्हणाली. "गावाचे चर तरी कोण खणून राह्यलंय?"

खरंच होतं. मोहल्ल्यांनी मजुरीवर आमचीच माणसं लावली होती. माय रोज नदीच्या वाळूत झरा उकरून वाटी-वाटीनं घागर भरायची. गावच्या विहिरीला आमचा हात चालत नव्हता. नळ वस्तीत आला असता तर तो आमचा असता. म्हणून माणसं दिवसभर गावाचे चर खणत आणि उतरत्या उन्हात आपला. बायका माती उपसत. मायनं काष्टा कसून पहार घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. वेशीपासून आमच्या चिंचेपर्यंत चर तयार झाला.

अर्ज द्यायला बा गेला, माय हट्टानं बरोबर गेली आणि मी मायबरोबर. मुन्शीनं वही उघडली, पानं उलटली.

"तुमच्या वस्तीची सही कुठंय?"

"साहेब, दवंडी मीच देतो की."

"देणारा तू. ऐकणारा कोण? वहीत न्हाई म्हणजे तुमच्या वस्तीला खबरच न्हाई. खबर न्हाई तर अर्ज कसला?"

"मंग आत्ता जल्दी जाऊन देतो. अंगठा आणतो."

"दवंडीची मुदत खतम," मुन्शी म्हणाला. आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं.

मुन्शीचा राग अजून गेलेला नाही. पण बाचा राग त्याहून जास्त आला, आणि हे सांगताना आजही लाज वाटते. गावभर ओरडणाऱ्या माणसाला आपल्या दारात डफावर दोन थापा मारता आल्या नाहीत? मी त्याला तसं तोंडावर म्हणालेही. वही नसती तर मुन्शीनं दुसरं काही काढलं असतं, हे कळण्याइतकं वय माझं नव्हतं. पावसाळ्यात चरात पाणी साचलं, एक शेळी पडून मेली. मग आम्हीच तो बुजवला.

पुढच्या वर्षी पाणीपट्टी बसली. नळाचा खर्चा सगळ्या गावानं वाटून घ्यायचा, घरटी सारखा, नळ असो वा नसो. खर्चा वाटताना आम्ही बराबर गावात मोजले गेलो. मुन्शीनं बाला बजावलं, "ह्या खेपेला तुमच्या वस्तीतबी दे. अंगठा घेतल्याबगर येऊ नको."

बा आला. चिंचेखाली उभा राहिला. गावातल्या ओट्यांसमोर वाजवायचा तसाच डफ त्यानं वाजवला आणि पट्टीचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. कुणी हसलं नाही. त्यानं वही पुढं केली, तेव्हा एकेक जण उठून घरात गेला. बा तसाच वही धरून उभा.

शेवटी माय पुढं झाली. "आन इकडं," ती म्हणाली. "ऐकलं म्या." तिनं शाईत अंगठा बुडवला आणि वहीत दाबला.

मग घागर उचलून ती गावातल्या नळाकडं गेली. आता झऱ्यापेक्षा तो जवळ होता. तोटीला हात लावायचा नाही, लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. त्या दिवशी ती दुपार कलल्यावर परत आली, घागर अर्धीच भरलेली होती.