दुसऱ्या धारेची

आमच्या दिंडोशीच्या ऑफिसात पॅन्ट्री सांभाळणारा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा. कॉफी मशीनच्या कॅप्सूलला तो ‘डबी’ म्हणतो. दूध मात्र स्वतः तापवतो, रवीने घुसळतो आणि वर असा फेस चढवतो की खाली कॉफी आहे की नुसतं पाणी, कळत नाही.

काल कळलं. नवी डबी घालून त्याने आधी सफाईच्या मावशींचा कप भरला. मग डबी न बदलता पुन्हा बटण दाबून माझा.

“अरे, तीच डबी?”

“चहाची पावडर दोनदा उकळतातच ना, मॅडम.”

माझं डोकंच फिरलं. तडक तक्रार लिहायला बसले. पहिलाच रकाना होता, कर्मचाऱ्याचं नाव.

चार वर्षं मी त्याला “अरे, एक लाटे” एवढंच म्हणत आले होते.