पेटीतली कानडी रद्दी

टीव्हीवर माणूस जितका धूसर दिसेल तितकी त्याची अब्रू शाबूत राहते, हे मला हापूसच्या एका पेटीने शिकवलं.

रत्नागिरीजवळच्या पालीच्या अलीकडे आमची आंब्याची बाग. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात कधी दुसऱ्याचा आंबा आपल्या पेटीत घातला नाही. कर्नाटकचा माल रत्नागिरी म्हणून खपवणाऱ्यांना ते घरी पाणीसुद्धा विचारत नाहीत. प्रत्येक पेटीवर त्यांचं नाव रंगवलेलं असतं, आणि त्या नावावर पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं न बघता आंबा मागवतात. अशा बागेत एका वाहिनीचे लोक चित्रीकरणाला आले. मी बोललो (बराच वेळ बोललो), आण्णा शेजारी उभे राहिले आणि समोर पेटी उघडून ठेवली.

त्याच सुमारास ती वाहिनी एचडी होणार म्हणून जाहिरात सुरू झाली. आमच्या जुन्या सेट टॉप बॉक्सवर माणसाला नाक आहे एवढंच कळायचं, पुढचं श्रद्धेवर. मी हट्टच धरला. आण्णा म्हणाले, "तू मला रोज समोर दिसतोस. तेवढा पुरे." पण मी नवा डबा आणलाच, वर आळीभर फिरून सगळ्यांना एचडी घ्यायला लावलं. शेजारचे दामूकाका स्वतःच्या सावलीवरही विश्वास ठेवत नाहीत, पण माझ्या शब्दावर त्यांनीही पैसे घातले.

रविवारी सकाळी सगळे आमच्याच घरी जमले. चित्र काय स्वच्छ! माझ्या कानावरचे केस दिसले. शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं, आणि ते बघून बायकोने कपाळाला हात लावला. मग कॅमेरा सावकाश पेटीत उतरला. पिवळेधमक आंबे, खाली पेंढा, आणि पेंढ्याखालून डोकावणारा कागद. दामूकाकांनी चष्मा पुसला.

"काय रे, ही रद्दी कानडी आहे."

रत्नागिरीत बागायतदाराला एक वेळ चोर म्हणा, तो हसेल. पण पेटीत कर्नाटक निघालं म्हणा, संपलंच! मी घाईघाईने खुलासा केला, की बायकोचं माहेर बेळगावचं, तिच्या वहिनीने लोणच्याच्या बरण्या त्याच कागदात गुंडाळून पाठवल्या होत्या. रद्दी कानडी असली तरी आंबा आपलाच. दामूकाका म्हणाले, सगळे असंच सांगतात. बायको म्हणाली, माझ्या माहेराला मध्ये आणू नका. आण्णा उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. ते मात्र मला फार लागलं.

दुपारपासून फोन सुरू झाले. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने अगदी नम्रपणे विचारलं, "तुमची बाग नक्की धारवाडला की हुबळीला?" आण्णांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. आमटी हवी असली तरी सुनेकरवी निरोप यायचा.

शेवटी मी वाहिनीवाल्यांच्या हातापाया पडलो. भली माणसं ती, पुन्हा यायला कबूल झाली. या वेळी मी कोणावरच विसंबलो नाही. चौकातून आपलं रत्नागिरीचं ताजं वर्तमानपत्र आणलं आणि पहिलं पान वर येईल असं पेटीत अंथरलं. त्याचं मराठी नाव ठळक दिसावं म्हणून आंबेसुद्धा जरा बाजूला सारले. आता कोणाची काय बिशाद?

पुन्हा रविवार, पुन्हा सगळी आळी हजर. कॅमेरा पेटीत उतरला. वर्तमानपत्राचं नाव झळकलं. मी विजयी मुद्रेने दामूकाकांकडे बघितलं. ते मात्र नावाच्या खालची ठळक बातमी मोठ्याने वाचत होते:

"रत्नागिरी हापूसच्या नावाने परराज्यातला आंबा, बागायतदार पकडला."

मग आण्णा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"मेल्या, कानडी होतं तेच बरं होतं. निदान कोणाला वाचता तरी येत नव्हतं."

एवढं बोलून तेच आधी हसले, आणि मग अख्खी आळी हसली. मी तेवढ्यात माळ्यावरून जुना डबा काढून आणला. आता त्याच्यावरच टीव्ही बघतो. त्यात मला नाक आहे एवढंच कळतं. ते कापलं गेलंय, हे दिसत नाही.