सोपानमामांची दलाली

सोपानमामांनी मला फसवलं. केळीच्या एका ओळीला फसवलं, भर दुपारी, माझ्याच शेतात, माझाच हात हातात धरून. मामा आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तेही बोलणार आहे, पण आधी हे सांगून ठेवतो.

मामा नायगावच्या जनावरांच्या बाजारातले दलाल. तिथं बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा कळवायचा. मामांना याची इतकी सवय, की बाजार सोडला तरी आकडा तोंडातून निघेना. एसटीत कंडक्टरचा हात उपरण्याखाली ओढून दोन बोटं दाबायचे. कंडक्टर घाबरायचा. घरी भाकरी किती, तेही मामींच्या तळहातावर. मी मोबाईल घेऊन दिला, तर आठवड्यात परत आणला. "मारोती, ह्याच्यात समोरच्याचा हात सापडंना."

घासाघीस मी त्यांच्याकडूनच शिकलो. ट्रकमध्ये केळी भरणारा हमाल होतो. आज मुदखेडकडं गोदावरीच्या काठाला माझी स्वतःची बाग आहे आणि माझ्याशी भाव ठरवायला व्यापारी एकटे येत नाहीत. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही. म्हणून पुरात नदीनं बागेचा काठ ओरबाडला, तेव्हा मी कचेरीत जाऊन टेबल बडवलं आणि तातडीचं काम मंजूर करून घेतलं. काठाला लागून जाळीत दगड भरून भिंत.

दगड येऊन पडले आणि मागोमाग वनखात्याच्या मॅडम आल्या. चपला हातात घेऊन वाळूतून चालल्या आणि म्हणाल्या, "इथं नदीतली कासवं अंडी घालतात. भिंत काठाला लागली तर कासवीला वर चढता येणार नाही. भिंत मागं घ्या."

"मागं माझं शेत आहे."

"शेतातच घ्या."

"कासवीचा सातबारा आणा," मी म्हणालो.

भिंतीच्या कामावरचे इंजिनिअर म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा, पण पावसाच्या आधी. आणि जीपमध्ये जाऊन बसले. भांडून भांडून माझा घसा बसला, मॅडम काही हलेनात. शेवटी मी मामांना बोलावलं.

मामा आमच्या दोघांच्या मधे बसले आणि उपरणं पसरलं. "एक बोट म्हंजे केळीची एक ओळ. भिंत किती ओळी मागं, ते बोटानं सांगा. तोंडानं बोललं की तोंड तापतं."

मॅडमनी हात मागं घेतला. "काका, असं चालत नाही. लेखी लागतं."

"लेखी मागून कर, लेकी. आधी हात दे."

मी एक बोट दाबलं. मॅडमनी बहुतेक अख्खा पंजा दाबला, कारण मामा त्यांना म्हणाले, "एवढ्यात तर म्हैस येती." मग माझ्याकडं वळले. "मारोती, बाई उठून चालली बघ." बाई मांडी घालून बसल्या होत्या. मी दोन दाबली. "लेकी, ह्याचा राग नाकावर हाय, हा पळंल." असं करत करत मामांनी उपरणं झटकलं. भिंत तीन ओळी मागं. मॅडमही तीनच म्हणाल्या.

कामावर मामांना बसवून मी सौद्यासाठी लातूरला गेलो. परत आलो तर भिंत चौथ्या ओळीच्या मागं उभी. मी आधी भिंतीला लाथ मारली आणि मग सुजलेला अंगठा धरून मामांना जाब विचारला.

"तीन सौद्याच्या," मामा म्हणाले. "एक माझी दलाली."

"दलाली पैशात घ्या ना."

"पैशाचं काय करू? ओळ पायजे."

"तुम्ही केळी लावणार?"

"न्हाई. कासवीला दिली."

"ती तुमची कोण?"

"गिऱ्हाईक. तू बोलून राहिलास, बाई बोलून राहिली. तिचा हात कुणी धरला का? मग तिचं बोट मी दाबलं."

तो अख्खा हंगाम मामा काठी घेऊन माझ्या, म्हणजे त्यांच्या, ओळीत कुत्री हाकत बसले. कासवी आली, पार वर चढून चौथ्या ओळीमागं, भिंतीलगतच्या वाळूत अंडी घालून गेली. पुढं पूर आला. पहिल्या तिन्ही ओळी नदीनं धुऊन नेल्या. चौथीच्या बुंध्यांना पाणी लागलं आणि उतरलं. भिंतीमागची बाग जशीच्या तशी.

"मामा, पाणी इथवर येणार हे ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक? दलाली ती दलाली."

पुढं एका सकाळी त्यांनी मला ओढतच नेलं. नाण्याएवढी पिल्लं वाळूतून निघून नदीकडं चालली होती. मामा माझा हात धरून एकेक बोट दाबत होते. पाच झाली. दुसरा हात मागितला, तोही संपला. मग नुसता हात धरून बसले.

पौषात मामा गेले.

आता नवे इंजिनिअर आलेत. म्हणतात, नकाशात भिंत तीन ओळी मागं आहे, म्हणून ती एक ओळ पुढं, वाळूत सरकवतो. तुमची ओळ तुम्हाला परत मिळते, सही करा. या ओळीपायी मी वर्षभर गावभर बोंबललो, म्हणून त्यांना वाटलं मी खूश होईन. मी सही केलेली नाही. ओळ मला फसवून घेतली, खरं आहे. पण घेतली ती मामांनी, आणि दिलेली दलाली बाजारात कुणी परत घेत नाही. मग ती काढून घेणारे हे साहेब कोण? मामांना आता विचारता येत नाही. तेव्हा साहेबांनी जीपमधून उतरावं, त्या वाळूत उभं राहावं आणि मला सांगावं, यंदा कासवीचा हात कोण धरणार?